बुडबुडा मधोमध!

साल २०२२. दिवाळीच्या सुट्टीचा तिसरा दिवस उजाडला होता. सिहोऱ्याजवळच्या त्या छोट्या गावात मंडईला फक्त चार दिवस उरले होते! मंडई म्हणजे पाळणे, दंडारीची नाचगाणी, रात्रभर नाटक आणि दुपारी मैदानावर कबड्डीचे सामने.

"अरे बापरे! हे काय झालं बे?" सायकलवरून उडी मारत गोलू ओरडला.

मैदानाचा पार अवतार झाला होता. गवताचा एक पट्टा झिपरा, तर त्याला लागूनच दुसरा चक्क टकला! मातीसुद्धा खरवडून निघाली होती.

"न्हावी अर्ध्यातच वस्तरा टाकून पळाला वाटते!" डिंपल म्हणाली. गोलू पोट धरून हसला.

रेणू हसली नाही. पोळ्याच्या आधी तिची आजी गेली. तेव्हापासून ती हसली नव्हती आणि रडलीही नव्हती. फार वेळ मांडी घालून बसलं की पाय बधिर होतो, चिमटा काढला तरी कळत नाही, तसं तिचं आतून झालं होतं. दिवाळीचे अनारसे तिला गोडसुद्धा लागले नव्हते.

मैदानाच्या कडेला तो बुटका लाल ट्रॅक्टर उभा होता. एका कारखान्याच्या साहेबांच्या बागेत त्याचा जन्म गेला आणि म्हातारपणी तो लिलावात गावच्या क्रीडा मंडळाकडे आला. सीट फाटलेली, त्यावर पोतं बांधलेलं. पोटाखाली उलट्या परातीसारखा लोखंडी पत्रा आणि त्याच्या आत गवत कापणारी पाती. सगळं गाव त्या पत्र्याला परातच म्हणायचं. ट्रॅक्टर चालवायचे रेणूचे आबाजी, तेजराम. आजी गेल्यावर ते सकाळी अंथरुणातून उठत, ते केवळ त्या ट्रॅक्टरपायी.

आत्ता त्यांच्यासमोर मंडळाचे अध्यक्ष वासुदेवराव लालबुंद होऊन उभे होते.

"तेजराम, डोळे फुटले का तुमचे? चार दिवसांनी पंचवीस गावचे लोक येऊन राहिले! द्या ती किल्ली. आता कैलाश चालवीन. कायमचा!"

कैलाश म्हणजे गावचा मिस्त्री. मागच्या आठवड्यात त्यानंच परात खाली काढून पाती फिरवणारा रबरी पट्टा बदलला होता.

आबाजींनी बंडीच्या खिशातून किल्ली काढून दिली. ना वाद, ना राग. "डोळेच गेले असतीन," एवढंच ते म्हणाले आणि मैदानाकडेच्या जांभळीखाली जाऊन बसले. रेणूनं त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. आपण आरशात दिसतो तस्साच चेहरा! आता उद्यापासून आबाजी उठणारच नाहीत, हे तिला तेव्हाच कळलं. रडू यायला हवं होतं. आलं नाही. ती नुसती मैदानाकडे पाहत राहिली.

पाहता पाहता तिला काहीतरी खटकलं.

"गोलू, हे पट्टे पाह्य. कसे आहेत?"

"भंगार!"

"अबे, सरळ आहेत! दोरी लावल्यावानी. डोळ्यानं दिसत नसतं, तर वाकडेतिकडे नसते झाले का?"

डिंपलनं टाळी वाजवली. "अन् चाकांचे वण पाह्य! जाताना टक्कल जांभळीकडं, येताना विहिरीकडं. दर खेपेला ट्रॅक्टरच्या उजव्या हाताले!"

"म्हणजे लोच्या आबाजीत नाही, परातीत आहे!" गोलू ओरडला.

"हळू बोल बे, भोंग्या!"

किल्ली वासुदेवरावांच्या खिशात होती आणि इंजिन थंड होतं. तरी परातीखाली हात घालायचा नाही, ही आबाजींची सक्त ताकीद होती. रेणूनं कुंपणाची एक तुराटी मोडली आणि जमिनीवर उभी धरून परातीच्या डाव्या कडेखाली सरकवली. सहज गेली. तीच काडी उजवीकडे नेली, तर कडेला अडली. चांगला दोन बोटांचा फरक!

पलटण धावतच कैलाशच्या दुकानात पोचली.

"परात तिरपी?" कैलाश भडकला. "मी काय आज मिस्त्री झालो? मोजूनमापून बसवली मी! ते काचेच्या नळीतल्या बुडबुड्याचं लेव्हल असते ना, ते ठेवलं वरतून. बुडबुडा एकदम मधोमध! चाला, दाखवतो!"

"कुठं उभं करून बसवली, कैलाशदादा?" रेणूनं विचारलं.

"विहिरीजवळच्या गाड्या धुवाच्या ओट्यावर. पक्कं सिमेंट आहे!"

आरडाओरडा ऐकून वासुदेवराव ओट्यापाशी आले. "काय तमाशा लावला पोट्ट्यांनो?"

रेणू तडक घरी गेली आणि लोटा घेऊन आली. आजीचा पितळी लोटा, एका बाजूला चेपलेला. रोज चार वाजता आजी त्यातच आबाजींना मैदानावर चहा आणायची. रेणूनं तो विहिरीच्या पाण्यानं भरला आणि ओट्याच्या मधोमध ओतला.

पाणी क्षणभरही थांबलं नाही. सरसर डावीकडे नालीत गेलं.

"धानाच्या बांधीत पाणी सोडलं की सखल बाजू कळते, तसंच हे," रेणू सपाट आवाजात म्हणाली. "ओटा उताराचा आहे, पाणी वाहून जावं म्हणून. ट्रॅक्टर इथं तिरपा उभा होता, डावी बाजू खाली. तुम्ही परात तेवढी बुडबुड्याच्या हिशेबानं सरळ केली. आता ट्रॅक्टर सपाट मैदानात गेला की परातच तिरपी होते. उजवी कड खाली येते अन् माती खरवडते."

कैलाशनं तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं.

"दादा, आता बुडबुडा तुमच्या तोंडात आला का?" डिंपलनं विचारलं. वासुदेवरावसुद्धा फसकन हसले!

जांभळीखालून आबाजी केव्हा उठून आले, कोणालाच कळलं नव्हतं.

"आधी चाकातली हवा पाह्य, कैलाश," ते म्हणाले. "एक चाक बसलं असलं, तरी परात कलते. मग लेव्हल ठेव घरी अन् दोन्हीकडून जमिनीपासून मोज. परातीनं जमिनीचं ऐकलं पाहिजे, आभाळाचं नाही."

हवा भरली. पाना फिरला, परात लटकते त्या सळयांचे उजवीकडचे नट आवळले आणि ती कड वर आली. रेणूची तुराटी दोन्ही कडांखालून सारखीच गेली, तेव्हा आबाजींनी मान डोलावली.

वासुदेवरावांनी किल्ली दोन्ही हातांनी पुढे केली. "तेजरामभाऊ, चुकलं माझं. न पाहता बोललो." मग ते मुलांकडे वळले. "शाबास रे पोट्टेहो! गावाची लाज राखली तुम्ही. कबड्डीच्या दिवशी पहिल्या खुर्च्या तुमच्या!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. रेणूच्या पाठीवर दहा हात पडले. तिला एकही जाणवला नाही.

ट्रॅक्टर खोकला, धुरकटला आणि निघाला. मागे गालिच्यासारखं एकसारखं गवत. विहिरीपाशी आबाजींनी सवयीनं ट्रॅक्टर थांबवला आणि कडेला पाहिलं. चार वाजले होते. कडेला रेणू उभी होती, हातात रिकामा लोटा घेऊन.

आबाजींची नजर लोट्यावर थांबली. आणि बधिर पायाला मुंग्या येतात ना, तशा रेणूच्या आत कुठेतरी मुंग्या आल्या. फार दुखलं. ती मटकन गवतात बसली आणि पहिल्यांदा रडली.

त्याला आता तीन वर्षं झाली. आबाजींना खरंच मोतीबिंदू होता! भंडाऱ्याला दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालं आणि आता ते सुईत दोरा ओवतात. वासुदेवरावांनी अध्यक्षपद सोडलं, पण मंडईच्या दिवशी ते मुलांसाठी अजूनही तीन खुर्च्या धरून ठेवतात. कैलाश कुठलंही काम हाती घेतलं की आधी जमिनीवर पेलाभर पाणी ओततो. गावानं त्याचं नाव 'बुडबुडा' पाडलं आहे. गोलू तुमसरला मोटर मेकॅनिकचं शिकतो. डिंपल मंडईच्या नाटकात काम करते आणि तिथंही मूळ संवादात स्वतःचे टोमणे घुसडते.

रेणू अकरावीत आहे. फार बोलत नाही, अजूनही नाही. पण सुट्टीत घरी आली की चार वाजता चेपलेला लोटा घेऊन मैदानाच्या कडेला जाते. लाल ट्रॅक्टर थांबतो. आबाजी फुंकर मारून चहा पितात.

"साखर कमी आहे," ते म्हणतात.

"आजी एवढीच टाकायची," रेणू म्हणते.