ओट्याखालची रेंज

ती दुकानात शिरली ती भांडायच्या तयारीनंच. काउंटरवर फोन असा आदळला, की पलीकडे सिमची पाकिटं लावत बसलेला तो दचकून उभाच राहिला.

“हे सिम ज्यानं विकलं त्याला बोलवा.”

“तो काम सोडून गेला. आता मी आहे.”

“मग तुम्ही ऐका. घरभर रेंज मिळेल, म्हणाला होता. मागच्या महिन्यात माझी आई स्वयंपाकघरात फिट येऊन पडली. शुद्धीवर आली, फोन हातात, मला लावतेय — आणि रेंज नाही! चाळीस मिनिटं जमिनीवर पडून होती ती.”

दुसरा कुणी असता तर ‘कंपनीकडे तक्रार करा’ म्हणून मोकळा झाला असता. यानं मान वळवून भिंतीवरचा त्या कंपनीच्या रेंजचा नकाशा पाहिला. अख्खं शहर निळंशार रंगवलेलं.

“यात तर तुमची मोरीसुद्धा निळी आहे,” तो हळूच म्हणाला.

“नकाशा रंगवणाऱ्याला आणा मग मोरीत.”

त्याला हसू आलं. ते दाबायला त्यानं ओठ चावला... आणि तिचा निम्मा राग तिथंच ओसरला, याचाच तिला जास्त राग आला.

दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या लॅबमध्ये ती काम करायची. आई पडली त्या दिवसापासून दर तासाला घरी फोन. मेण वितळतंय, घंटी वाजतेय, आई उचलत नाहीये — कवळीकडे लक्ष कुठलं! शहरातल्या दोन-चार म्हाताऱ्यांच्या कवळ्यांत तिची भीती वाकडी बसली असणार, नक्की. आई मात्र म्हणायची, “मेले तर मीच कळवीन गं.” असल्या विनोदांनी पोरींची झोप उडते, हे आयांना कधी कळणार!

सुट्टीच्या दिवशी तो रेंज तपासायला तिच्या घरी आला. तीन कंपन्यांची सिमं घातलेले तीन फोन घेऊन.

“पिवळी सगळ्यात स्वस्त,” तो म्हणाला.

“चालते कुठं?”

“आमच्या दुकानाच्या दारात. निळी हमरस्त्यावर एक नंबर, घरात नुसता लपंडाव. लाल थोडी महाग...”

“माझा भाऊ ट्रक चालवतो. त्याला हमरस्ताच लागतो.”

“तर मग अडचण आहे. फॅमिली पॅक घ्यायचा तर तिघं एकाच कंपनीत हवेत. महिन्याला दोनशे वाचतात.”

“आणि माणूस वाचत नाही.”

तो मग म्हणाला, “भावाला निळीवरच राहू द्या. मरो तो पॅक.” विकणाऱ्याच्या तोंडून असं वाक्य तिनं जन्मात ऐकलं नव्हतं. या धंद्यात सगळे खोटं विकतात, आणि हा शहाणा स्वतःच्या कमिशनवर लाथ मारत होता.

“आई कुठं पडल्या होत्या?”

“इथं. ओट्याखाली.”

तो सरळ जमिनीवर आडवा झाला. फरशीला गाल, कानाला फोन. “उभ्या माणसाला काय, कुठंही रेंज मिळते. पडलेल्याला मिळते का, ते बघायला हवं ना,” तो खालूनच म्हणाला.

निळी, मेलेली. पिवळी, मेलेली. तिसरा फोन लावला आणि तो ओरडला, “दोन दांड्या!” केसांत कोळिष्टक, शर्टाला पिठाचा डाग. ती बघत राहिली. आजवर तिच्या आईच्या जागी जाऊन कुणी बघितलं होतं? डॉक्टरनंसुद्धा नाही...

“उठा हो,” आई म्हणाली, “पाहुणे असे लोळत नाहीत.”

ठरलं. आई आणि ती लाल कंपनीत जाणार. दोन्ही नंबर तिच्याच नावावर होते.

“कंपनी बदलताना काही तास फोन बंद पडतो,” तो म्हणाला.

“म्हणून आधी आईचा करा. तो सुरू झाला की माझा. दोघींचे एकदम बंद झालेले मला चालणार नाहीत.”

“कळलं.”

मग दुकानात ओळखीसाठी लागणाऱ्या अंगठ्याचं घोडं अडलं. यंत्र तिचा अंगठा घेईना. तो ओल्या रुमालानं तिचं बोट पुसायचा, हळू, काचेचं असल्यासारखं.

“प्लास्टर घासून घासून रेषा झिजल्यात तुमच्या.”

“नशिबाच्या?”

“त्या तळहातावर असतात. बघू का?”

“अंगठ्यापुरतं बघा!”

“उद्या या मग. उद्या लागेल...”

ती चार दिवस गेली. पाचव्या दिवशी तो म्हणाला, “लागला.” पण चेहरा असा, जणू काहीतरी हरवलंय.

दुसऱ्या दिवशी तीन वाजता तिनं आईला फोन लावायला घेतला, तर स्वतःच्याच फोनमध्ये सिग्नल नाही. लॅबमध्ये शेजारी बसणाऱ्या बाईचा फोन हिसकावला. आईचा नंबर — बंद. दोन्ही एकदम! हातातली कवळी टेबलावर टाकून ती पळाली. बसमध्ये उभ्यानं, दातओठ खात. तिला फक्त फरशी दिसत होती.

दार उघडंच होतं. आत आई खुर्चीत, धडधाकट. आणि तो, घामानं निथळत.

“अर्धा तास झाला, धापा टाकतोय,” आई म्हणाली. “फिट मला येते का याला?”

“दोन्ही नंबर एकदम बंद झालेले दिसले...” तो कसाबसा बोलला. “दुकान तसंच टाकून आलो. चूक माझी. काल घाईत दोन्ही अर्ज एकत्र गेले.”

“घाई कसली होती?”

“अंगठा... पहिल्याच दिवशी लागला होता. मी मुद्दाम सांगितलं नाही. काम झालं असतं, की तुम्ही परत कशाला आला असता? काल लाज वाटली, म्हणून झटपट...”

“चार दिवस!” तिचा आवाज फाटला. “चार दिवस माझी आई त्या मेलेल्या सिमवर होती. तुम्हाला मला बघायचं होतं म्हणून?”

“हो.”

सबब नाही, सारवासारव नाही. नुसतं हो. तिला त्याला मारावंसं वाटलं, आणि रडावंसंही.

“जा तुम्ही.”

तो उंबऱ्यापाशी पोचला.

“आणि ऐका! यापुढे यंत्राचं कारण सांगायचं नाही. यायचं असेल तर दार वाजवायचं आणि सरळ सांगायचं.”

दार लागलं. ती आईजवळ बसली, आईची नाडी विनाकारण मोजू लागली. दोन्ही फोन अजून मुकेच होते.

दारावर थाप पडली. हलकी, घाबरलेली.

“कोण?” ती बसूनच म्हणाली.

“मी.”

“काय काम आहे?”

बाहेर चपला घासल्याचा आवाज आला.

“काम नाही. तुला भेटायला आलोय.”

“उघड बाई,” आई म्हणाली, “नाहीतर खरंच फिट येईल त्याला.”

ती उठली. तिनं कडी काढली आणि दार सताड उघडलं.