हो म्हणणारी

मी कवळ्या बनवते. परदेशातल्या एका दातांच्या लॅबमध्ये दिवसभर मेण, प्लास्टर आणि अनोळखी माणसांचे जबडे. कामात माझा हात कोणी धरू शकत नाही. घरचं इंटरनेट मात्र महा नाठाळ. रविवारी दुपारी आईला व्हिडिओ कॉल लावला की ते नेमकं मोक्याला दगा देतं. कंपनीला फोन करावा, तर आधी गाणी ऐकवतात आणि मग ‘मोडेम बंद करून चालू करा’ म्हणतात. जणू मी तो आजवर ओवाळत बसले होते!

त्या दिवसांत या कॉलवर बरंच काही अवलंबून होतं. दादाला आईचं बिऱ्हाड गुंडाळून तिला आपल्या फ्लॅटमध्ये न्यायचं होतं. आईला जायचं नव्हतं. बाबांच्या मागे ते घर तिने एकटीने सांभाळलं होतं, आणि तिची बाजू घेणारी मी एकटीच होते. कॉलवर दादा-वहिनीही असायचे. दादा विषय काढायचा, मी तोंड उघडायचे, आणि पडद्यावरची सगळी माणसं गोठायची.

एका रविवारी नेट परत आलं तेव्हा आई डोळे पुसत होती.

“तूपण हो म्हणालीस ना,” ती म्हणाली. “सोड घर, म्हणालीस.”

“मी? अगं, माझं तर नेट गेलं होतं.”

“समोर बसून म्हणालीस. हसत होतीस.”

माझं टाळकंच फिरलं. हा दादाचाच कावा, असं धरून मी त्याला नाही नाही ते बोलले. तेवढ्यात वहिनी दबक्या आवाजात म्हणाली, “वन्सं, मघाशी तुमच्या मागचा ओटा लख्ख होता. आता एवढी खरकटी भांडी कुठून आली?”

मी मागे वळून पाहिलं. भांडी सकाळपासून तशीच पडली होती.

कंपनीचा माणूस आला. त्याने वायर तपासली, लॅपटॉपवर काहीतरी पाहिलं.

“तुमची लाइन एकदाही तुटलेली नाही.”

“मग माझा कॉल कसा तुटतो?”

“कॉलही तुटलेला दिसत नाही. घरात आणखी कोण असतं?”

“मी एकटी राहते.”

त्याने आतल्या खोलीकडे एकदा पाहिलं आणि घाईघाईने बॅग आवरली. मला भीती वाटली, हे कबूल. पण त्याहून जास्त राग आला. माझ्या तोंडून माझ्या आईला रडवणारी ही कोण टिकोजीराव?

मी आईला घरच्या लँडलाइनवर साधा फोन लावला. “आई, मी हो म्हणाले तर ती मी नव्हेच असं समज. जन्मात कधी तुला सरळ हो म्हटलंय का मी?”

“पोटात होतीस तेव्हापासून नाही,” आई म्हणाली आणि कितीतरी दिवसांनी हसली.

“मग झालं तर. कोणी काही म्हणो, घर सोडायचं नाही. आतून कडी लाव आणि खुशाल बस.”

पुढच्या रविवारी, दादा सामान न्यायला येणार होता त्याच दिवशी, मी वायर उपटली. मोडेम काखेत मारला, कंपनीच्या दुकानात जाऊन काउंटरवर आपटला आणि कनेक्शन बंद करून टाकलं. मग फुटपाथवरूनच आईला पुन्हा लँडलाइनवर फोन केला.

“आला होता दादा?”

“येऊन गेला. मी कडी काढलीच नाही!”

“शाब्बास!” मी एवढ्याने ओरडले की चार माणसं वळून पाहू लागली.

“आणि तू काय भांडलीस गं त्याच्याशी! मी मोबाइल दाराशी धरला होता. या वेळी एकदाही हो म्हणाली नाहीस.”

“कधी?”

“आत्ताच की. ही काय, अजून समोर आहेस.” आई थांबली. “मग फोनवर कोण आहे?”

तिच्या मागून माझाच आवाज आला. स्वच्छ, कुठेही न अडखळता.

“कोणी काही म्हणो. मी घर सोडणार नाही.”

मी धावत घर गाठलं.

कुलपात किल्ली फिरली. दार हललं नाही. आतून कडी लागली होती.

आत कोणीतरी भांडी घासत होतं.

मी बेलवर बोट ठेवलं आणि काढलं नाही.

आतला नळ बंद झाला.