अर्धा सूर खाली

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. आजही नाही.

तरीही हे लिहितोय, कारण हे घडलं तेव्हा आम्ही तिघं तिथे होतो. त्यातले दोघं आता म्हणतात, असं काही झालंच नाही. मग सांगायला उरलो मी एकटाच. तुम्हाला खोटं वाटलं तर वाटू दे. मला आता त्याचं काही वाटत नाही.

गेल्या नोव्हेंबरमधला दुसरा शनिवार. दुपारचे साडेचार. एका हॉटेलचा तळमजल्यावरचा हॉल. सगळे दिवे लख्ख चालू, आणि शेजारच्या किचनमधून भांड्यांचा आवाज येत होता. भीती वाटावी असं तिथे काहीही नव्हतं.

आधी माणसं सांगतो, म्हणजे गोंधळ नको.

मी चष्म्याच्या दुकानात काचा घासतो आणि बँडमध्ये गिटार वाजवतो. ड्रम वाजवणाऱ्याला आम्ही डबा म्हणतो, कारण तो लहानपणी तेलाच्या डब्यावर शिकला. गाणाऱ्याला म्हणतो बुवा. प्रत्येक गाण्याआधी चार वेळा खाकरल्याशिवाय त्याचा आवाज निघत नाही. आणि चौथा बेसवाला, तो नेहमीसारखा उशिरा येणार होता.

पाचवा होता माझा दादा. माझा सख्खा मोठा भाऊ.

दादाचा धंदा मोटर वाइंडिंगचा. जळलेल्या मोटारी उघडायच्या आणि नवी तांब्याची तार गुंडाळून द्यायची. गिटार मला त्यानेच शिकवली. त्याच्या गिटारचा पिकअप, म्हणजे तारांखालचा तो तांब्याची तार गुंडाळलेला लोहचुंबक, तोही त्याने स्वतः हाताने गुंडाळला होता. पिकअप मेणात बुडवून काढायची पद्धत असते. नाही बुडवला, तर जवळ बोललेलंसुद्धा स्पीकरमधून ऐकू येतं. दादाने मुद्दाम नाही बुडवला.

"मेणात घातला की मुका होतो रे," म्हणायचा. "ऐकू दे त्याला सगळं."

आणि आणखी एक. तो सगळ्या तारा नेहमी अर्धा सूर खाली लावायचा. का, तर बुवाचा गळा मूळ पट्टीत पोचत नसे. पण हे तो बुवाला कधी बोलला नाही. चारचौघांत सांगायचा, "मला सैल तारा बऱ्या. बोटं दुखतात माझी."

दिवसभर तांबं ओढणाऱ्या माणसाची बोटं दुखतात म्हणे! पण बुवाची लाज राखायची म्हणून हे सोंग. खरं कारण फक्त मला माहीत होतं.

जून महिन्यात दादाने अचानक बँड सोडला.

मला एक शब्द न बोलता. डब्याच्या गॅरेजमध्ये, जिथे आम्ही प्रॅक्टिस करायचो, तिथे गिटार, पायाखालची पेडलं, सगळं ठेवून निघून गेला. मला मेसेज केला: "गिटार तू वाजव. मला कामं आहेत."

बस्स. एवढंच!

माझं डोकंच फिरलं. मी फोन केला नाही. म्हटलं, ज्याला सोडून जायचंय त्याने आधी बोलावं. मी पण त्याचाच भाऊ, मी कशाला वाकू?

एकोणीस दिवस आम्ही बोललो नाही.

विसाव्या दिवशी दुकानात मोटर उघडताना दादा खाली बसला, तो उठलाच नाही. हार्ट अटॅक.

वहिनीने त्या दिवशी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. एवढंच म्हणाली, "आता झालं ना मनासारखं?"

मला वाटलं, दुःखात बोलतेय. सोडून दिलं.

त्यानंतर मी दादाचीच गिटार वाजवायला लागलो, पण तारा मूळ पट्टीत चढवून. रागाने. त्याची कुठलीच सवय नको होती मला. बुवा तर खूशच झाला. "बघ, आता कसं मोकळं वाटतं," म्हणाला. वरच्या सुराला त्याचा आवाज फाटायचा ते वेगळं.

आता त्या शनिवारबद्दल.

दर शनिवारी संध्याकाळी त्या हॉटेलात आमचा कार्यक्रम असायचा. मी दोन वाजता घरी तारा लावल्या, गिटारची पेटी बंद केली, साडेचारला हॉलमध्ये उघडली.

पहिलीच तार छेडली...

खाली.

सहाच्या सहा तारा अर्धा सूर खाली उतरलेल्या. एक तार उतरते, दोन उतरतात. एसीच्या गारव्याने होतं असं. पण सहाही तारा, आणि मोजून अर्धाच सूर?

"काय रे, दादाची आठवण आली का गिटारला?" डबा हसत म्हणाला. तो ड्रमखाली गालिचा अंथरत होता.

मी हसलो नाही. ट्यूनरवर पाय दिला. ट्यूनर म्हणजे पायाशी असलेलं छोटं पेडल. त्यावर पाय दिला की स्पीकर मुका होतो आणि तार कुठे लागलीय ते दिवे दाखवतात. मी सगळ्या तारा पुन्हा चढवल्या आणि गिटार स्टँडवर टेकवून मागे झालो.

ट्यूनरचे दिवे हलले...

गिटारजवळ कोणी नव्हतं. तारा स्थिर होत्या, मी वाकून पाहिलं. तरी दिवे एकेक सूर दाखवत होते. जाडी तार. मग तिच्या खालची. मग तिसरी. कोणी तरी शांतपणे, सवयीने तारा तपासत असल्यासारखे.

प्रत्येक सूर अर्धा खाली.

मी ट्यूनर बंद केला. म्हटलं, खराब झालाय.

तेव्हा लक्षात आलं... स्पीकरची घुंई बंद झालीय.

गिटारवाल्यांना विचारा. अँप चालू असला की त्याची बारीक घुंई असतेच, आणि दादाच्या त्या पिकअपमुळे तर जास्तच. अँपचा लाल दिवा चालू होता. आवाज शून्य. किचनमधली भांडीसुद्धा गप्प झाली होती.

बुवा माईकपाशी खाकरत होता. तोही थांबला.

मग स्पीकरमधून खुर्ची करकरली.

हॉलमधली नाही. ती करकर मी ओळखत होतो. डब्याच्या गॅरेजमधली, एका पायाने लंगडी लोखंडी खुर्ची. दादाची जागा.

मागे पंखा खडखडत होता, तोही गॅरेजमधलाच.

मी खाली पाहिलं. लूपरचा हिरवा दिवा लागला होता.

लूपर हे आणखी एक पेडल. एकदा दाबलं की तुम्ही वाजवलेलं धरून ठेवतं आणि तेच पुन्हा पुन्हा वाजवत राहतं. दादाचा लूपर स्वस्तातला. करंट गेला की सगळं विसरायचा. जूनमधलं काही त्यात असणं शक्यच नव्हतं.

आणि मग दादा बोलला...

"काय म्हणाला तो? नीट सांग."



मग बुवाचा आवाज. तोच. आधी चार वेळा खाकरून.

"हॉटेलवाल्यांना चौघंच हवेत, दादा. स्टेज लहान आहे. मी म्हटलं, दोघा भावांनी ठरवा. तर तोच म्हणाला... दादाला तू सांग. म्हणाला, किती दिवस त्याच्या मागे उभा राहू, आता मला एकट्याला वाजवू दे."

पंख्याची खडखड.

"त्याच्या तोंडून ऐकलंस तू?"

"तुझी शपथ."

 मग...

"बरं. मला कळलंय हे त्याला सांगू नकोस. उगाच संकोच वाटेल पोराला."

खुर्ची करकरली. आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. "काय म्हणाला तो? नीट सांग."

मी असं काही म्हणालो नव्हतो. आयुष्यात नाही. चौघंच हवेत ही गोष्टच मला माहीत नव्हती.

मी बुवाकडे वळलो. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"बंद कर ते!" तो ओरडला. मी हललो नाही, तसा स्वतःच धावत आला आणि त्याने लूपरवर जोरात पाय मारला.

आता बघा, गाणाऱ्या माणसाला पेडल काय कळणार? लूपर वाजत असताना एकदा दाबला तर तो बंद होत नाही. आहे त्याच्यावर नवीन आवाज चढवायला लागतो. बंद करायला दोनदा दाबावं लागतं.

हिरवा दिवा लाल झाला.

"अरे मग काय करणार होतो मी?" बुवा गिटारच्या पिकअपसमोरच उभा राहून माझ्यावर ओरडत होता. "त्याला तोंडावर कसं सांगू, तू नको म्हणून? तुझं नाव घेतलं तर तो गुपचूप जाईल हे माहीत होतं मला! गेला की नाही?"

मग त्याने घाबरून पुन्हा पाय मारला.

लाल दिवा हिरवा झाला. आणि स्पीकरमधून दादाच्या आवाजावर बुवाचा आवाज चढून यायला लागला. "त्याच्या तोंडून ऐकलंस तू?" ...आणि त्यावरच, "तुझं नाव घेतलं तर तो गुपचूप जाईल हे माहीत होतं मला!"

तीन वेळा आलं ते. डबा गालिच्यावर गुडघे टेकून ऐकत होता. मी त्याला ऐकताना पाहिलंय.

मग दिवा गेला. अँपची घुंई परत आली. किचनमध्ये कोणी तरी झाकण आपटलं.

बुवा म्हणाला, "हे बघ, सहाला लोक येतील. नंतर बोलू."

नंतर बोलू!

 बोललो असतो तर हात उचलला असता. ज्या माणसाच्या गळ्यासाठी दादाने वर्षानुवर्षं खोटं सोंग केलं, त्यानेच दादाचा केसाने गळा कापला. आणि तोही माझं नाव पुढे करून. मी सामान आवरायला घेतलं.

पेडलांच्या करंटच्या वायरी काढताना ट्यूनरची वायर हाती आली. लूपरची सापडेना.

ती माझ्या बॅगेच्या पुढच्या कप्प्यात होती, गुंडाळून, रबर लावलेली. त्या दिवशी लूपर वापरायचा नव्हता म्हणून मी ती काढलीच नव्हती.

लूपरला करंटच नव्हता.

तिथून सरळ वहिनीकडे गेलो. दारातच सगळं सांगितलं. लूपर, आवाज, शपथ, सगळं. ती माझ्यावर हसेल असं वाटलं होतं.

ती कट्ट्यावर बसली. म्हणाली, "रोज दुकानातून आले की विचारायचे, धाकट्याचा फोन आला का? मी म्हणायचे, तुम्ही करा. तर म्हणायचे, नको, त्याला एकट्याला उभं राहायचंय."

"वहिनी, मी नाही गं म्हणालो तसं. आईची शपथ."

"मला पटतंय रे," ती म्हणाली. "पण मला पटून काय उपयोग?"



दोन दिवसांनी डब्याला फोन केला. म्हटलं, तू साक्षीला होतास, वहिनीसमोर एकदा सांग. तो मग म्हणाला, "अरे, स्पीकरमध्ये काही तरी खरखरलं, एवढंच. तू मनाला लावून घेतलंस." मागे बुवाचं खाकरणं ऐकू येत होतं. त्यांचे शनिवार अजून चालू आहेत. माझ्या जागी नवा माणूस घेतलाय म्हणे.

बँड सुटला त्याचं मला काही नाही. मला छळतं ते वेगळंच.

दादाची गिटार आता माझ्या खोलीत असते. दुकानातून आलो की मी तारा मूळ पट्टीत लावतो. मग अँप चालू करतो, तोंड पिकअपजवळ नेतो आणि बोलतो. आवाज स्पीकरमधून येतो, म्हणजे त्याने गुंडाळलेल्या त्या तारेला ऐकू जातंय, एवढं नक्की.

"दादा, मी म्हणालो नव्हतो. बुवा खोटं बोलला."

तेवढंच. रोज.

आणि रोज सकाळी गिटार उचलतो, तेव्हा...

सहाही तारा अर्धा सूर खाली.

तारा नव्या घातल्या. खुंट्या बदलल्या. पेटीला कुलूप लावून किल्ली दुकानात ठेवली. काही फरक नाही.

सुरुवातीला वाटायचं, दादा आहे, बरं वाटायचं. मग एका सकाळी तो अर्धा सूर कोणासाठी असायचा ते आठवलं. तो अजून बुवाचाच गळा सांभाळतोय. त्या शनिवारी त्याचं आणि बुवाचं बोलणं मला ऐकवलं त्याने, पण खरं कोण आणि खोटं कोण, ते त्याचं त्यालाच अजून कळलेलं नाही. तो अजूनही बुवाच्याच शपथेवर विश्वास ठेवून बसलाय.

आज सकाळीही खालीच होत्या. आता पुन्हा वर लावल्यात. अँप तापतोय. हे लिहून झालं की पिकअपजवळ जाऊन पुन्हा तेच सांगणार आहे.

उद्या सकाळी बघेन.