पितळी गंजातलं चिंचवणी

"माझ्या मायनं विष घातलं म्हणते गाव! विष!"

धम्मदीपनं सायकल स्टँडवर लावलीच नाही. आमराईच्या बांधावर तशीच आडवी टाकली. तिचं चाक हवेत फिरत राहिलं.

आंब्याखाली उद्याच्या पंगतीचे बेत करत बसलेले तिघे वळून बघू लागले. रक्षा आणि तिची धाकटी बहीण आचल सिंदी रेल्वेहून सुट्टीसाठी जांभूळझरीला मामाकडे आल्या होत्या. स्वप्निल गावातलाच, पंगत समितीचे अध्यक्ष प्रभाकरराव यांचा मुलगा. त्याच्या हातातली कैरी तोंडाजवळ थांबली. स्वप्निलच्या बाबतीत ही फार मोठी गोष्ट होती!

"कोण म्हणते विष?" रक्षानं विचारलं.

"सारेच! आन आता समितीचा निरोप आला. पंगतीत तुमच्या घरचं पीठ नको, चिंचवणी तं नकोच नको. बारा वर्षं झाले, माय चिंचवणी करून राह्यली!"

जांभूळझरीची उन्हाळी पंगत म्हणजे साधी गोष्ट नव्हे. प्रत्येक घरून पायलीभर पीठ येतं. ते सगळं एकाच मोठ्या परातीत पडतं, एकत्र मळलं जातं आणि त्याचे मुठीएवढे रोडगे गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत भाजले जातात. सोबत वांग्याची भाजी, शेवयांची खीर, आणि प्यायला धम्मदीपच्या आईचं, विमलाबाईंचं, चिंचवणी. चिंच, गूळ, जिरं आणि थोडं काळं मीठ. एखाद्या घरचं पीठ नाकारणं म्हणजे ते घर गावातच नाही, असं तोंडावर सांगणं!

घडलं होतं ते असं. गेल्या रविवारी नव्या सभामंडपाचं उद्घाटन झालं. दुपारी सगळ्यांनी चिंचवणी प्यालं आणि तासाभरात एकतीस जण ओकू लागले. दवाखान्याच्या ओट्यावर रांग लागली. संध्याकाळपर्यंत सगळे बरे होऊन घरी गेले, पण दुखणं गेलं तरी जीभ थांबली नाही. बारा वर्षं चिंचवणी पिताना विमलाबाई कोणत्या मोहल्ल्यात राहतात, हे कुणालाच आठवलं नव्हतं. पोट दुखल्याबरोबर ते सगळ्यांना आठवलं!

"क्रमानं सांग," रक्षा म्हणाली. "चिंचवणी कुठं केलं, कुठं ठेवलं?"

"घरी केलं, आमच्या स्टीलच्या पातेल्यात. सकाळी सातला मंडपात नेलं आन समितीच्या पितळी गंजात ओतलं. लोकायनं प्यालं दुपारी बाराला."

"घरी कोणी प्यालं होतं?"

"हा खादाड!" धम्मदीपनं स्वप्निलकडे बोट केलं. "सकाळीच आलता. चार गिलास!"

"पाच," स्वप्निलनं प्रामाणिकपणे सांगितलं. "मंडपात मंग जागाच नोती पोटात."

"आणि तुला काही झालं?"

"मले? मले काऊन होईन?"

"म्हणजे घरचं चिंचवणी चांगलं होतं!" रक्षा ताडकन उठली. "सात ते बारामध्ये काहीतरी झालं. गंजाजवळ कोण होतं?"

धम्मदीप जमिनीकडे बघू लागला. मग हळूच म्हणाला, "प्रभाकरकाका. खुर्ची टाकून बसलते. आन त्यायनं सोता एक घोटबी नाई घेतला."

"ए! बाबाले शुगर आहे बे! गूळ चालत नाई त्यायले!" स्वप्निल उसळला.

"मी फक्त काय झालं ते सांगून राह्यलो."

"मी मंडपात एकच घोट घेतला आणि थुंकला," आचल मध्येच म्हणाली. "तोंडात नाणं ठेवल्यासारखं लागलं. मामीला सांगितलं, तर ती म्हणाली नखरे करू नको!"

"चला, गंज बघू," रक्षा म्हणाली.

सभामंडपामागे समितीची खोली होती. दुपारचं ऊन रणरणत होतं, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. तरी खोलीचं दार आतून बंद होतं, आणि आतून आवाज येत होता. खस्‌ खस्‌ खस्‌!

खिडकीच्या फटीला चार डोळे लागले. स्वप्निल आणि आचल! दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. स्वप्निलचा चेहरा उतरला.

आत प्रभाकरराव उकिडवे बसले होते. बाह्या वर केलेल्या, कपाळावर घाम. ते राख लावलेल्या फडक्यानं गंज घासत होते! कमरेएवढा उंच, रुंद तोंडाचा, काठावर ‘कै. सदाशिवराव यांचे स्मरणार्थ’ असं कोरलेला तो पितळी गंज त्यांनी आडवा पाडला होता, आणि अर्धे आत शिरून ते त्याचा तळ खरवडत होते.

"फडकं बघ! हिरवं झालंय!" आचल कुजबुजली.

चौघेही वाकून पिंपळापर्यंत पळाले. तिथं पोहोचल्यावर स्वप्निल मटकन खाली बसला.

"माझ्या बाबानं घरी कधी चहाचा कपबी नाई धुतला. आन दार लावून गंज घासून राह्यले? रक्षे, बाबानंच काही टाकलं का त्याच्यात?"

रक्षानं त्याला खोटा धीर दिला नाही. "मला माहीत नाही. तुला आमच्याबरोबर यायचं नसेल तर नको येऊ."

स्वप्निलनं नाक पुसलं. "येतो. खोटं असन तं मले पाह्यचं आहे. खरं असन तबी पाह्यचं आहे."

धम्मदीपनं खिशातून अर्धी कैरी काढून त्याच्या हातावर ठेवली.

संध्याकाळी मामीच्या मोबाईलमध्ये आचलला ते सापडलं. गेल्या वर्षीच्या पंगतीचा फोटो! त्यात विमलाबाई गंजात पळी बुडवताना दिसत होत्या. आचलनं फोटो मोठा केला, मग गेल्या रविवारचा, उद्घाटनाचा फोटो उघडला.

"ताई, गंज बदलला का गं? गेल्या वर्षी आतून पांढरा होता. आता आतूनही पिवळा!"

"गंज तोच आहे," स्वप्निल म्हणाला. "आजोबाचं नाव आहे ना त्याच्यावर! बाबानं उद्घाटनासाठी केळझरहून मशीनवर चमकवून आणला. मंत्री येनार होते म्हणून. मंत्री आलेच नाई!"

"म्हणजे ते पांढरं काहीतरी निघून गेलं," रक्षा पुटपुटली. "ते पांढरं काय होतं?"

कुणालाच सांगता येईना. मग त्यांनी सरळ करून बघायचं ठरवलं. धम्मदीपनं घरून चिंचवणी आणलं. अर्धं स्टीलच्या पेल्यात ओतलं, अर्धं मामीच्या देवघरातल्या पितळी लोट्यात. वर ताटल्या झाकल्या.

"मामीनं लोटा पाह्यला तं?" स्वप्निलनं विचारलं.

"तर मी खाईन बोलणी," आचल म्हणाली. "तसंही मी नखरे करते!"

दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी त्यांनी ताटल्या उचलल्या. पेल्यातलं चिंचवणी होतं तसंच होतं. लोट्यात मात्र काठाला, पाणी जिथवर होतं तिथं, हिरवी रेघ उमटली होती. वासही उग्र, धातूसारखा!

"हेच! फडक्यावर हेच होतं!" आचल ओरडली.

"चला, सांगू साऱ्यायले!" धम्मदीप निघालासुद्धा.

"कोण ऐकणार आपलं?" रक्षानं त्याचा हात धरला. "मोठ्या माणसांना मोठंच माणूस लागतं. गंज जिथं चमकवला तिथं जाऊ. स्वप्निल, पंगतीत आज गंजात काय असणार?"

स्वप्निलचे डोळे विस्फारले. "कैरीचं पन्हं! तीनशे लोकायचं! नऊ वाजता ओतनार!"

आठ वाजले होते.

"आम्ही येईपर्यंत गंजात काहीच पडता कामा नये. काय करशील ते कर!"

केळझर चार किलोमीटर. रक्षा आणि धम्मदीपनं सायकली अशा हाणल्या की चढावरसुद्धा कुणी खाली उतरलं नाही. भांड्यांच्या दुकानात कैलास नावाचा तरुण मशीनवर ताट चकाकवत होता, आणि गादीवर त्याचे वडील अण्णाजी चष्मा पुसत बसले होते.

"जांभूळझरीचा गंज? म्याच चमकवला!" कैलास खुशीत म्हणाला. "बाहेरून तं सारेच करतात. म्या आतूनबी सोन्यावानी करून देल्ला!"

अण्णाजींचा हात थांबला. "आतून? आत कल्हई होती ना रे, गाढवा! कथलाचा पांढरा लेप! तो काऊन काढला?"

"मले वाटलं, डाग आहे."

"डाग!" अण्णाजी उठून उभेच राहिले. "पितळेत आंबट ठेवलं का कळकते! हिरवं जहर सुटते त्याच्यात! गिऱ्हाइकाले सांगतलं का नाई?"

"सांगतलं ना. शेजारच्या दुकानदारानं गंज पाहून मले टोकलं, त्याच दिवशी फोन केला. म्हटलं, प्रभाकरभाऊ, कल्हई निघाली, दोन दिवस द्या, करून देतो. ते म्हणाले, उद्घाटन उद्या आहे, असाच दे."

रक्षा आणि धम्मदीपनं एकमेकांकडे पाहिलं. विष कुणीच घातलं नव्हतं. पण माहीत मात्र होतं! आठ दिवस एका माणसाला सगळं माहीत होतं!

"आजोबा, आत्ता चला!" रक्षा म्हणाली. "नाहीतर आज तीनशे जण आजारी पडतील!"

इकडे आमराईत पन्ह्याच्या बादल्या घेऊन चार जण उभे होते. पण ओतणार कुठं? गंजात स्वप्निल बसला होता!

गुडघे पोटाशी, हनुवटी काठावर. बाजूला आचल पहारेकऱ्यासारखी उभी.

"निघ बे बाहेर!" प्रभाकरराव गरजले.

"नाई निघत!"

"लाथ घालीन!"

"घाला! गंजाले पोचा पडन, आजोबाच्या नावावरच!"

गर्दी फिदीफिदी हसली. प्रभाकररावांचा पाय उचलला तसा खाली आला. हट्टानं बसून राहणं गांधीजींच्या वर्धा जिल्ह्याला कुणी शिकवायला नको!

"आचल, किती वेळ? मुंग्या आल्या ना पायाले!"

"अजून दहा मिनिटं! बस!"

प्रभाकररावांनी दोघा गड्यांना खूण केली. त्यांनी स्वप्निलच्या बगलेत हात घातले. स्वप्निलनं काठ घट्ट धरला, त्याबरोबर अख्खा गंज उचलला गेला! तेवढ्यात फटफटीचा आवाज आला. कैलासच्या मागे धोतर सावरत अण्णाजी, आणि त्यांच्यामागे घामानं निथळत दोन सायकली!

अण्णाजींनी गंजात डोकावून पाहिलं. मग स्वप्निलकडे.

"शाबास रे पोट्ट्या! उठू नको!" ते म्हणाले, आणि गर्दीकडे वळले. कल्हई, कळकणं, हिरवं जहर, कैलासचा फोन, सगळं त्यांनी मोठ्या आवाजात सांगितलं.

"काहीच्या काही!" प्रभाकरराव ओरडले. "फोन आला असन, मले याद नाई! गंज चांगला आहे. मी सोता घासला! दोष त्या बाईच्या चिचेत होता!"

रक्षा पुढं झाली. आचलनं जपून ठेवलेला स्टीलचा पेला एका हातात, पितळी लोटा दुसऱ्या हातात.

"काका, दोन्हींत विमलामावशींचंच चिंचवणी आहे. एकाच पातेल्यातलं." पेला तिनं धम्मदीपला दिला. त्यानं सगळ्यांसमोर तो घटाघटा रिकामा केला. मग तिनं लोटा प्रभाकररावांसमोर धरला. "हे तुम्ही घ्या. शुगर आहे, म्हणून एकच घोट."

प्रभाकररावांनी लोट्याच्या काठाकडे पाहिलं. त्यांचा हात पुढं आला नाही.

"काऊन नाई घेत, काका?" धम्मदीपनं लोट्याकडे बोट केलं. "माझ्या मायचं आहे म्हणून नाई घेत, का पितळेतलं आहे म्हणून?"



"बाबा," गंजातून स्वप्निल म्हणाला, "सांगून टाका ना. आमी पाह्यलं तुमाले घासताना."

प्रभाकररावांची मान खाली गेली. "पितळेतलं आहे म्हणून," ते म्हणाले.

आणि मग काय! ज्यांनी ‘विष’ हा शब्द सगळ्यांत मोठ्यानं उच्चारला होता, तेच सगळ्यांत मोठ्यानं म्हणू लागले, "आमाले वाटलंच होतं!" धम्मदीपनं त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

प्रभाकरराव विमलाबाईंच्या दारात गेले तेव्हा मागे अख्खी पंगत होती. विमलाबाई बाहेर आल्या. हात जोडले नाहीत, रडल्या नाहीत.

"चुकलं माह्यं, बाई," प्रभाकरराव म्हणाले. "गंज माह्या बापाच्या नावाचा. नाव जाईन म्हणून गप राह्यलो."

"तुमच्या बापाचं नाव वाचवाले माह्यं नाव घालवलं?"

प्रभाकररावांनी दोन्ही हात पुढं केले. 

"पीठ द्या, बाई. गाव थांबलं आहे."

दारामागेच पांढऱ्या फडक्यात बांधलेलं पायलीभर पीठ होतं. शुक्रवारीच दळून आणलेलं, कुणी नको म्हणण्याच्या आधी. विमलाबाईंनी गाठोडं उचललं, पण दिलं नाही.

"कोनाच्या पिठात मिसळनार?"

"साऱ्यायच्या."

"कोन मिसळन?"

प्रभाकरराव इकडेतिकडे बघू लागले.

"तुमीच मळा," विमलाबाई म्हणाल्या. "साऱ्या गावासमोर."

आणि प्रभाकररावांनी मळलं! ज्या माणसानं चहाचा कप धुतला नव्हता, तो कोपरापर्यंत पिठात बुडाला. पाणी जास्त झालं. बायका खो-खो हसल्या. विमलाबाई शेजारी कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. "अजून मळा, गोळे राह्यले!"

पन्हं स्टीलच्या टाक्यांत गेलं. गंज कल्हईसाठी कैलासच्या गाडीवर बांधला गेला, आणि अण्णाजींनी बजावलं, "फुकट करजो! आन अंदर पांढरा नाई दिसला तं घरी येजो नको!"

मग त्यांनी चौघांना रांगेत उभं केलं. "म्या पन्नास वर्षं कल्हई केली. पन एवढे मोठे माणसं जमून जे दिसलं नाई, ते या पोट्ट्यायनं पाह्यलं. एकानं तं भांड्यात बसून तीनशे लोकायचे पोटं वाचवले!"

"मले पयला रोडगा पाह्यजे त्याच्यासाठी!" स्वप्निलनं लगेच मागणी केली.

निखाऱ्यांतून रोडगे निघाले. राख झटकत विमलाबाईंनी पहिला स्वप्निलच्या हातावर ठेवला. त्यानं तो फोडला, अर्धा धम्मदीपला दिला आणि वाफ फुंकत विचारलं, "हे तुमच्या घरचं पीठ आहे, का आमच्या?"

"खाऊन सांग," धम्मदीप म्हणाला.

स्वप्निलनं खाल्लं. विचार केला. दुसरा मागितला. तिसरा मागितला.

शेवटपर्यंत त्याला सांगता आलं नाही.