हिरवी रेघ

धरणाच्या पायाखालचा खडक तपासणं हे स्नेहल मगदूमचं रोजचं काम. बोअर मारायची, तीत पाणी सोडायचं आणि ते किती टिकतं ते बघत बसायचं. टिकलं तर खडक घट्ट, पळालं तर खाली फटी. भुदरगडच्या डोंगरात मातीचं धरण बांधायचं घाटत होतं आणि सगळं तिच्या सहीवर अडलं होतं. सही उजव्या हाताची. डाव्या हाताची करंगळी अर्धीच होती. लहानपणी हुपरीला, घरच्याच कारखान्यात पैंजणाच्या प्रेसखाली सापडलेली. तेव्हापासून ही बाई कशावरच चटकन भरवसा ठेवत नसे.

इथली बोअर मात्र भलतीच निघाली. टँकरवर टँकर रिते केले तरी आत पाणी म्हणून ठरेना. कान लावला की खोल कुणीतरी घटाघटा पीत असल्यासारखा आवाज यायचा. पाणी थांबवलं तरी तो बराच वेळ चालू राहायचा. स्नेहलला ते मुळीच आवडलं नव्हतं.

शेवटी तिने पाण्यात हिरवा रंग कालवून सोडला. पाणी जिथे बाहेर पडेल तिथे रंग दिसेल, साधा हिशेब. खालच्या अंगाला कौलारू घरांची वाडी होती. तिथला आकाराम नावाचा शेतकरी तिच्याबरोबर विहिरी, ओढे, झरे धुंडाळत फिरला. रंग कुठेच नाही.

"बाहेर येत नाही म्हणजे खालीच मुरतंय की," तिचे वरिष्ठ विजयसिंह फोनवर खुशीत म्हणाले. "पाया चांगला आहे असं लिहून टाक. किती घोळ घालणार?"

लिहून टाकायला काय लागतं? पण मातीच्या धरणाखालून पाण्याला वाट सापडली, की ते आतली माती खात सुटतं आणि एक दिवस अख्खं धरण खालच्या वाडीवर येतं. तिला अन्न गोड लागेना. झोपेतही तो घटाघटा आवाज यायचा.

एका भर दुपारी आकाराम तिला चहाला घरी घेऊन गेला. उंबरा ओलांडताच अंगावर गारवा आला. बाहेर एप्रिलचं ऊन, आणि आत साचलेल्या पाण्याचा, चिखलाचा वास. आकारामची आई अंबूबाई चुलीपुढे बसली होती. तिच्या डोक्याच्या खूप वर, चारी भिंतींवरून एक हिरवी रेघ सरळ फिरली होती.

असली रेघ कोल्हापूरकराला समजावून सांगावी लागत नाही. पूर ओसरला की भिंतीवर हीच मागे राहते.

"ही... कधीपासून?"

"तुमी रंग सोडला त्या रातीपासनं," अंबूबाई हळूच म्हणाली. "समद्या घरांत हाय. पुसली तरी परत येती. पोरी, पाणी कुठं निगतंय ते बघत हिंडतीस न्हवं? हितंच निगणार हाय... आज न्हाय, पर हितंच."

"मग मला सांगितलं का नाही?"

"येड्यात काढलं असतंसा की, मॅडम," आकाराम खाली बघत म्हणाला.

स्नेहलने रेघेला हात लावला. रेघ ओली होती.

त्याच संध्याकाळी तिने लिहून दिलं: पाया अयोग्य, इथे धरण बांधू नये. विजयसिंहांनी आगपाखड केली, ती तिने मुकाट ऐकून घेतली. सकाळी आकारामचा फोन आला, "रेघ गेली, मॅडम! भित्ताड कोरडं ठणठणीत!" तिला रडूच आलं. एकदाचं घोडं गंगेत न्हालं, असं तिला वाटलं.

दिवाळीनंतर एका दुपारी त्याचा पुन्हा फोन आला.

"मॅडम... काल हितं नारळ फुटला. काम सुरू झालं. मधी दुसरं सायेब येऊन गेलतं. पाया चांगला हाय म्हणून लिवून दिलं त्यांनी."

"रेघ परत आली?"

"न्हाय. ह्या बारीला रेघ न्हाय... हात हायत."

"हात?"

"हिरवं पंजं. माळ्यावर, कौलांच्या आतल्या अंगाला. कौलं वर ढकलल्यागत... पोराटोरांचंबी हायत. आयनं एकावर आपला हात ठिवून बघितला. बरोब्बर बसला. मग समद्यांनी आपापला बघितला..."

फोनमध्ये मागे कुठेतरी, खोल, घटाघटा आवाज आला.

"एक तेवढा कुणाचाच न्हाय," आकाराम म्हणाला. "डावा हाय. आयच्या पंज्याला लागूनच. त्याची... करंगळी अर्धीच हाय, मॅडम."

"वाडी सोडा. आजच्या आज सोडा. मी... मी येते तुम्हाला न्यायला," स्नेहल बोलून गेली, आणि मग तिचं लक्ष टेबलावरच्या आपल्या डाव्या हाताकडे गेलं. तळवा ओला होता.