फार्गोला कोण जाणार?

"म्हणजे... मला असं म्हणायचं होतं की... मला नाही जमणार. म्हणजे, बघते..."

आयला कपडे धुण्याच्या मशीनशी बोलत होती. मंगळवारी संध्याकाळी डुलुथच्या त्या लॉन्ड्रीत सहसा कुणी नसतं, म्हणून महिनाअखेरच्या मीटिंगची तालीम तिने तिथेच सुरू केली होती.

"एवढं मिळमिळीत बोललात तर मशीनसुद्धा दाद देणार नाही हं!"

ती दचकली. हातातला टॉवेल खाली पडला. मागच्या बाकावर रबरी बूट घातलेला एक उंच तरुण बसला होता. त्याने टॉवेल उचलून झटकला.

"मी टोबिन. धक्क्यावर, मासे धुरावणाऱ्या स्मोकहाउससाठी मासे विकत घेतो. रोज सकाळी सहा-सहा कोळ्यांशी घासाघीस. तुमचं काय अडलंय?"

"तुम्हाला कशाला सांगू?"

"बरं. मग मशीनला सांगा. मी नुसता ऐकतो."

तिला हसू आलं, आणि मग तिने सगळंच सांगून टाकलं. ती दातांच्या कॅप आणि कवळ्या बनवणाऱ्या लॅबमध्ये कामाला होती. मालकीण व्हिटलॉकबाईंनी चार तासांवरच्या फार्गोला नवी शाखा काढली होती आणि तिथल्या दोन नव्या माणसांना शिकवायला आयलाने अख्खा हिवाळा तिकडे जावं, असं त्यांच्या मनात होतं. इकडे घरी बाबा. वसंतात अर्धांगवायूचा झटका आला आणि त्यांची वाचा गेली. आयला रोज संध्याकाळी त्यांच्याकडून एकेक शब्द घोटून घ्यायची. 'चमचा' म्हणायला त्यांना अकरा दिवस लागले होते.

"आणि मला कुणालाच 'नाही' म्हणता येत नाही," ती म्हणाली. "तोंडातून 'हो'च निघून जातं."

"मग 'नाही' म्हणूच नका. बाईंना नक्की काय हवंय?"

"मी फार्गोला जायला हवं."

"तुम्ही जायला हवं, की त्या दोघांना काम यायला हवं?"

हा प्रश्न आयलाला सुचलाच नव्हता.

पुढचे दोन मंगळवार टोबिन व्हिटलॉकबाई झाला. मान ताणून, चष्मा नाकावर ओढून तो तिला सतावायचा, आणि ती अडखळली की पुन्हा पहिल्यापासून बोलायला लावायचा. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, दोघांनाही कळलं नाही.

"व्हिटलॉकबाई इतकं टक लावून बघत नाहीत," ती एकदा म्हणाली.

"बघत असत्या, तर तू अशीच लाजली असतीस?"

तिसऱ्या मंगळवारी मात्र तो हसला नाही. कपड्यांची पिशवी खांद्यावर टाकून दारातच थांबला.

"आयला, एक सांगायचंय... तू जाऊ नयेस, असं मलाच वाटतंय. तेव्हा माझा सल्ला जरा पारखूनच घे."

ती काही बोलायच्या आत दार लोटून तो निघून गेला.

गुरुवारी ती मीटिंगला व्हिटलॉकबाईंसमोर बसली, तेव्हा डोक्यात एकच प्रश्न घोळत होता. ती बाबांसाठी थांबत होती, की त्याच्यासाठी?

"सहा आठवडे तरी जावंच लागेल तुला," बाई म्हणाल्या.

'हो' अगदी ओठांवर आलं. आयलाने खुर्चीची कड घट्ट धरली.

"बाई, त्या दोघांना सगळ्यात अवघड काय जातंय?"

"दातांचा रंग जुळवणं. निम्मं काम परत येतंय."

"ते मी एकटीने शिकवून होणार नाही. इथे आम्ही चौघी आहोत. त्यांना महिनाभर इकडे बोलवा. मग जानेवारीत मी दोन आठवडे तिकडे जाऊन त्यांचं काम तपासते." तिने खुर्चीची कड सोडली. "बाबांना सोडून त्याहून जास्त मला राहता येणार नाही."

बाई पेनाने टेबलावर टकटक करत राहिल्या.

"दोन आठवडे. नक्की?"

"नक्की."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती धावतच धक्क्यावर गेली. टोबिन एका म्हाताऱ्या कोळ्याशी हुज्जत घालत होता. तिला पाहिलं आणि तो वाक्य अर्धवटच सोडून उभा राहिला.

"दोनच आठवडे," ती धापा टाकत म्हणाली. "जानेवारीत."

"वा!" तो म्हणाला. मग हळूच, "आणि... मी जे बोललो, ते?"

"रविवारी घरी जेवायला येशील? बाबांना भेटायला?"

"फक्त रविवारी? बुधवारी पण."

"बुधवारी पण. पण मासे साफ करून आणायचे."

"कबूल!"

"अरे, माझ्याशी बोलतोयस की तिच्याशी?" म्हातारा वैतागला.

आयलाने हात पुढे केला. टोबिनने आपला हात आधी पँटला पुसला, तरी तो बिचकतच होता.

"वास येतोय गं हाताला..."

"येऊ दे," ती म्हणाली आणि त्याचा हात तिने स्वतःच हातात घेतला.