रेल्वेमंत्र्यांवर विश्वास

सुदर्शन विरोधी पक्षात गेला तो मोबाइल चार्ज करायला.

तो शिकत होता त्या नांदेडच्या विधी महाविद्यालयात लाइट गेली की जनरेटर फक्त सभागृहापुरता चालायचा. म्हणून तो चार्जर घेऊन आत शिरला, भिंतीला खालच्या अंगाला एक बोर्ड दिसला, आणि वाकून पिन खुपसतो तोच व्यासपीठाकडून आवाज आला —

"तुम्ही! हो, चार्जरवाले. जरा वर बघता?"

त्यानं वर बघितलं. निळा कुर्ता, कानामागं खोचलेला पेन, आणि एकच भुवई वर चढलेली. तू राजकारणात कसा आलास असं पुढं कुणी विचारलं असतं, तर सुदर्शननं त्या भुवईकडं बोट दाखवलं असतं.

"एक माणूस कमी पडतोय," ती म्हणाली. "गणसंख्या भरल्याशिवाय संसद सुरू होत नाही."

"कुठली संसद?"

"भारताची."

हे ती इतक्या सहज म्हणाली की तो घाबरून लगेच बसला.

युवा संसद स्पर्धेची तालीम चालली होती. अध्यक्षांच्या उजव्या हाताला सरकार बसतं, डाव्या हाताला विरोधक. उजवीकडच्या खुर्च्या भरल्या होत्या, म्हणून सुदर्शन डावीकडं बसला. तालुक्यातले बरेच पुढारी त्यानं असाच पक्ष ठरवताना बघितले होते. आठवडाभरात विरोधी पक्षनेत्याला कावीळ झाली आणि पद रिकामं पडलं. सुदर्शनचा आवाज घरच्या केळीच्या ट्रकवाल्यांना हाका मारून चांगला तयार झालेला. आनंदराज सरांनी, म्हणजे तालीम घेणाऱ्या प्राध्यापकांनी, त्यालाच नेता केलं.

निळा कुर्ता म्हणजे मालविका. लातूरची, घरी आई-वडील दोघं शिक्षक, वकिलीच्या शेवटच्या वर्षाला. सरकारात ती रेल्वेमंत्री होती.

सरांचा नियम एकच, पण कडक. "सभागृहात एकमेकांशी बोलायचं नाही. भांडा, टोमणे मारा, काय करायचं ते करा, पण बोलायचं अध्यक्षांशी. नजरसुद्धा अध्यक्षांकडं!"

अध्यक्ष होता हरिओम. त्याची निवड बिनविरोध झाली होती, कारण कोट फक्त त्याच्याकडं होता. तो उंच खुर्चीत बसायचा, समोर स्टीलचा ग्लास ठेवायचा आणि गोंधळ झाला की त्यावर चमचा हाणायचा. आणि मग या हरिओममधून, नळातून पाणी यावं तसं, प्रेम वाहायला लागलं.

"अध्यक्ष महोदय," सुदर्शन उठायचा, "नांदेडहून लातूरला थेट नवी रेल्वे कधी जाणार, हे मंत्री महोदया सांगतील काय?"

"अध्यक्ष महोदय, माहिती गोळा करण्यात येत आहे."

"अध्यक्ष महोदय, पुरवणी प्रश्न. माहिती नेमकी कोण गोळा करून राहिलंय?"

"अध्यक्ष महोदय, सन्माननीय सदस्यांना लातूरची एवढी घाई कशाला?"

"अध्यक्ष महोदय, मंत्री दर शनिवारी लातूरला जातात. मग सोमवारपर्यंत हे सभागृह... लई ओसाड दिसतं."

टण्ण! "खाली बसा," हरिओम म्हणायचा. "दोघंबी."

खरी अडचण बाहेर सुरू झाली. कँटीनमध्ये समोरासमोर बसलं की दोघांनाही वाक्य सुचेना. बोलायला अध्यक्ष लागायचा. मग ते हरिओमला सोबत न्यायला लागले, मधे बसवायला लागले, आणि तो लोकशाहीसाठी रोज दोन प्लेट भजी खायला लागला.

"अध्यक्ष महोदय," मालविकानं एकदा विचारलं, "विरोधी पक्षनेत्यांच्या प्रत्येक शर्टावर हे काळे डाग कशाचे?"

"अध्यक्ष महोदय, केळीचा चीक हाय. घड उतरवताना लागतो. निघत न्हाई."

"कशानंच नाही?"

"अध्यक्ष महोदय, आईनं सगळं करून बघितलं. एकदा लागला की लागला."

मालविका त्या डागाकडं बघत राहिली. मग डागाच्या वर, कॉलरीकडं... मग आणखी थोडं वर. हरिओमनं भजं तोंडाजवळ तसंच धरलं. ही नजर आपल्यातून जाणार नाही हे त्याला कळलं असावं, कारण तो खुर्ची घेऊन जरा मागं सरकला.

त्यानंतर दोन शनिवार गेले. एका सोमवारी ती लातूरहून आली आणि चहाच्या कपात बघत म्हणाली, "अध्यक्ष महोदय, माझी निवड झाली. दिल्लीला. एका खासदारांच्या कार्यालयात काम आहे. येणारी विधेयकं वाचायची, त्यात कुणाचं काय जातंय ते शोधायचं, आणि त्यांना प्रश्न काढून द्यायचे. स्पर्धेच्या दुसऱ्या दिवशीची गाडी आहे."

हरिओमनं सुदर्शनकडं बघितलं. ही पहिली अशी गोष्ट होती जी पुढं पोचवायला त्याला नको वाटली.

"अध्यक्ष महोदय... अभिनंदन," सुदर्शन म्हणाला.

"अध्यक्ष महोदय, एवढंच?"

"अध्यक्ष महोदय — माहिती गोळा करण्यात येत आहे."

ती हसली नाही. तोही नाही. भजी पहिल्यांदाच उरली.

अर्धापूरला घरी जाऊन सुदर्शन केळीच्या बागेत हिंडत राहिला. वारं आलं की पानं एकमेकांवर घासायची, आणि त्याला वाटायचं मागच्या बाकावर कुणी कुजबुजतंय. जा म्हणायचं होतं, कारण असं काम तिलाच शोभणारं. जाऊ नको असंही म्हणायचं होतं. आणि या दोन्हीच्या आधी एक तिसरंच वाक्य होतं, जे ती गाडीत बसायच्या आत सांगायला हवं होतं. नाहीतर ते त्याच्यापाशीच पिकत पडलं असतं. त्यानं ते एका घडासमोर म्हणून बघितलं. "अध्यक्ष महोदय" शिवाय ते सुरूच होईना.

स्पर्धेच्या दिवशी तीन परीक्षक पुढच्या रांगेत येऊन बसले. नाट्य असं ठरलेलं : विरोधी पक्षनेता सरकारवर अविश्वास प्रस्ताव मांडणार, रेल्वेचे वाभाडे काढणार, रेल्वेमंत्री उत्तर देणार, शेवटी पंतप्रधान बोलणार आणि प्रस्ताव पडणार. खऱ्या लोकसभेत प्रस्ताव मंजूर झाला तर अख्खं मंत्रिमंडळ जातं, म्हणून सगळं मतांच्या मोजणीवर असतं. विरोधकांची प्रतोद होती तनुजा. पक्षाची मतं फुटू न देणं हे तिचं काम.

"व्हिप काढलाय," तिनं सुदर्शनला दरडावलं. "व्हिप मोडून मत दिलं की सदस्यत्व जातं. वर मी हाणीन, ते कायद्यात न्हाई."

सुदर्शननं भाषण दणक्यात सुरू केलं. गाड्यांचा उशीर झाला, डब्यांतली गर्दी झाली, पंखे झाले. परीक्षक माना डोलवायला लागले. आता शेवटचं वाक्य, आणि त्याची नजर नियम मोडून उजवीकडं गेली. ती पेन कानामागं खोचून, खाली मान घालून बसली होती. उद्या या वेळेला ती महाराष्ट्रातसुद्धा नसणार होती.

"आणि म्हणून, अध्यक्ष महोदय, या रेल्वेमंत्र्यांवर माझा..."

सभागृह थांबलं.

"माझा विश्वास हाय."

तनुजानं कपाळ बाकावर टेकवलं.

"पूर्ण विश्वास हाय. त्या गाडी येईल म्हणल्या तर मी स्टेशनवर जाऊन बसंन. रूळ नसले तरी बसंन. त्या दिल्लीला गेल्या तरी बसंन. मला दुसरं कुठं बसायचंच न्हाई, अध्यक्ष महोदय. मला त्या... मला त्या लई आवडतात."

टण्ण! सवयीनं हरिओमचा चमचा पडला. "हे वाक्य कामकाजातून वगळण्यात येत आहे."

"कुठलं वाक्य?" एका परीक्षकानं विचारलं. ते लिहून घेत होते.

हरिओमनं विचार केला. "राहू द्या," तो म्हणाला. "काहीच वगळू नका."

आता मंत्र्यांचं उत्तर. मालविका उठली. हातातल्या उत्तराच्या कागदाची तिनं घडी घातली, मग आणखी एक घडी घातली. "अध्यक्ष महोदय —" म्हणाली आणि थांबली. मग ती बाकाबाहेर आली, मधली मोकळी जागा ओलांडली आणि सरळ विरोधकांच्या रांगेत शिरली.

"मंत्री महोदया," हरिओम बावरला, "आपण कुठं चाललात?"

ती सुदर्शनपाशी पोचली होती. "सरका जरा," ती म्हणाली. हरिओमला नाही, सुदर्शनला.

तो सरकला. ती बसली.

सत्ताधारी बाकांवरच्या पोरांना वाटलं, सरांनी ऐनवेळी नाट्य बदललंय आणि आपल्यालाच कळवलं नाही. एक उठला, त्याच्यामागं दुसरा, मग तिघं एकदम. बघता बघता अख्खं मंत्रिमंडळ खुर्च्या उचलून डावीकडं आलं. पंतप्रधान झालेला यज्ञेश, ज्याचं भाषण अजून व्हायचं होतं, उजवीकडं एकटा उरला आणि पाणी प्यायला. दाराशी आनंदराज सर चष्मा काढून पुसत होते. पुसून झाल्यावर त्यांनी तो परत घातला नाही.

त्या गोंधळात चमचा वाजत होता आणि तिचा खांदा त्याच्या खांद्याला लागला होता.

"मी तरी जाणारच आहे," ती हळूच म्हणाली.

"जा ना. जायलाच पाहिजे."

"वाईट नाही वाटणार?"

"लई वाटंल."

"मग एकदा थांब म्हणा." तिचा आवाज जरा हलला. "मी थांबणार नाही. पण... म्हणा."

सुदर्शन म्हणाला, "थांब."

"नाही," मालविका म्हणाली, आणि तिचे डोळे इतके भरून आले की एखाद्या परक्याला वाटलं असतं, ती हो म्हणाली. "सुट्टीला आले की नांदेडला उतरेन. लातूरला नंतर जाईन. घरी सांगून ठेवते."

"घरी काय सांगणार?"

"सरकार पडलं म्हणून."

परीक्षकांनी बराच वेळ काहीतरी लिहिलं, खोडलं, आणि शेवटी पेनाला टोपण लावलं. हरिओमनं कोटाची बटणं लावली आणि सभागृह अनिश्चित काळासाठी तहकूब केलं. राष्ट्रगीत सुरू झालं.

सगळे उठले. सावधान. नजर समोर, हात खाली ताठ. तिचा हात त्याच्या हातापासून बोटभर लांब होता, आणि हलायचं नसतं. सुदर्शनला राष्ट्रगीत बालवाडीपासून पाठ होतं. ते इतकं लहान आहे हे त्याला आज कळलं. दर ओळीला तो मनातल्या मनात म्हणत होता, सावकाश... जरा सावकाश.

जय हे झालं. खुर्च्या सरकल्या, पोरं चहाकडं पळाली, तनुजा कायद्यात नसलेली तरतूद अंमलात आणायला निघाली आणि मधेच थबकली.

ती दोघं तशीच उभी होती. सावधान, नजर समोर... जणू अजून एक कडवं बाकी आहे.